दिवेघाटातली एकादशी आणि न दुखणारा फोड

पुणे ते सासवड हा ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा सर्वांत दमवणारा टप्पा. जवळपास ३० किलोमीटर, शेवटी दिवेघाटाची चढण, त्यात ज्येष्ठ वद्य एकादशीचा उपास. घाटमाथ्यावरच्या आमच्या उपचार केंद्रात त्या दिवशी चक्कर आणि पायाचे फोड यांचीच रांग असते. साठीच्या एका माउलीला दिंडीतल्या बायकांनी धरून आणलं. डोक्यावरची तुळस तिनं आधी दुसरीच्या डोक्यावर दिली, मग ती टेकली.

हात गार, अंगाला दरदरून घाम, बोलताना अडखळणं. बोटाच्या थेंबावर साखर भरली ५८. ७० च्या खाली गेली की थांबायचं नसतं. गिळता येतंय हे पाहून पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून दिली, साधारण १५ ग्रॅम. "एकादशी हाय," म्हणत तिनं पेला सारला. साखरपाणी उपासाला चालतं, हे शेजारणीनंच पटवलं. १५ मिनिटांनी ८६. मधुमेहाची गोळी सकाळी सवयीनं घेतलेली आणि पोटात नुसता चहा. यातल्या काही गोळ्या तासन्‌तास इन्सुलिन सोडायला लावतात, म्हणून साखर पुन्हा घसरते. दोन केळी, मूठभर शेंगदाणे दिले आणि तिला तिथंच आडवं केलं. तासाभरानं पुन्हा तपासणी.

पाय मात्र आम्हीच मागून पाहिले. उजव्या चवड्याखाली रुपयाएवढा टरारलेला फोड, त्यात ओवलेला काळा दोरा. हा उपाय दर वारीत दिसतो. पाणी निथळतं खरं, पण त्याच दोऱ्यावरून जंतू आत शिरतात. भोवती लाली चढली होती. चपलेत खडा रुतलेला.

"दुखत न्हाई. माउलीच चालवत्यात."

तिचे डोळे मिटवून तळव्यावर दहा जागी नायलॉनचा तंतू टेकवला. तीनच जागी कळला. तिच्या श्रद्धेला हात न लावता एवढंच सांगितलं, की मधुमेहानं पायाच्या नसा बधिर झाल्यात, आता पायाकडं डोळ्यांनीच पाहायचं. चप्पल घालण्याआधी रोज आत हात फिरवायचा.

दोरा काढून जखम सलाइननं धुतली, कडेला निर्जंतुक सुईनं दोन छिद्रं पाडली. वरची कातडी राखली, तिच्याइतकी चांगली पट्टी दुसरी नाही. वर न चिकटणारी जाळी आणि मध्ये भोक पाडलेलं जाड फेल्ट (नमद्यासारखं मऊ कापड), म्हणजे भार फोडाच्या कडेला पडतो. धनुर्वाताचं इंजेक्शन, प्रतिजैविक.

अवघड होतं ते पुढचंच. सासवडला दोन मुक्काम आराम, मग जेजुरी आणि वाल्ह्यापर्यंत दिंडीच्या ट्रकमधून. बावीस वर्षांत ती चाकावर बसली नव्हती. बराच वेळ रडली. घाट चढून येणारं बळ आम्ही दिवसभर पाहत होतो. भजन म्हणत निघालेल्या दिंडीसमोर ट्रकच्या फळीवर पाय ठेवताना तिला लागलेलं बळ मला त्याहून मोठं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सासवडला पट्टी बदलायला आली. लाली ओसरली होती. सोबत दोघी होत्या, दोघींच्या फोडांत दोरे.

"आधी ह्यांचे काढा," ती म्हणाली.