जवसाच्या तेलाचा डाग

स्मरणिकेसाठी आपापल्या मातृभाषेत लिहिलं तरी चालेल, असं पत्रात होतं. म्हटलं, मराठीतच लिहू. गणिताच्या सरांना ते वाचता येणार नाही, म्हणजे चुकांखाली लाल रेघा तरी पडणार नाहीत.

बाबांच्या हॉस्पिटलातल्या नोकरीमुळे १९८४ साली आम्ही मिरजेहून स्कॉटलंडमधल्या एडिनबराला आलो. आमचे गणिताचे सर क्लबकडून क्रिकेट खेळत. पैसे मिळत नसत, उलट वर्गणी पदरची. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. त्यामुळे संध्याकाळी सहाला सुरू झालेला वीस षटकांचा सामना उजेडातच संपे. (टी-ट्वेंटीचा ‘शोध’ लागला तेव्हा मला हसूच आलं.)

आपला नंबर येईपर्यंत सर पॅड बांधून आमच्या वह्या तपासत बसायचे. शेजारी नुकतंच तेल पाजलेली बॅट. एकदा माझ्या वहीवर पिवळट डाग पडला. आईने वही नाकाशी धरली. “अरे, हे तर जवस! चटणी सांडलीस की काय?”

१८८२ साली स्कॉटलंडने ऑस्ट्रेलियाला हरवलं होतं, हे सर अपूर्णांक शिकवतानाही घुसडत. ब्रॅडमन १९४८ साली ब्रिटनमधला शेवटचा सामना अ‍ॅबर्डीनला खेळला, नाबाद १२३, हेही. १९८६ साली आपल्याच पर्थमध्ये स्कॉटलंडने लँकेशायर या इंग्लिश काउंटीला तीन धावांनी हरवलं, तेव्हा मात्र आम्हाला गृहपाठ माफ झाला.

२४ मे १९९९ला, वर्ल्डकपमधल्या स्कॉटलंडच्या बांगलादेशविरुद्धच्या सामन्याला, मी निवृत्त सरांना घेऊन एडिनबरातल्याच रेबर्न प्लेसच्या मैदानावर गेलो. आदल्याच दिवशी सचिनने ब्रिस्टलला नाबाद १४० केल्या होत्या, वडिलांचे अंत्यसंस्कार उरकून परत येऊन. सर त्याबद्दल हळू आवाजात विचारत राहिले.

बांगलादेश ५ बाद २६! मी उड्या मारायला लागलो, तर सर म्हणाले, “बस खाली. अर्धा पेपर सोपा गेला की पोरं पुढे हमखास घोटाळा करतात.” तसंच झालं. बांगलादेश १८५ पर्यंत पोचले, आपण १६३ मध्ये आटोपलो.

आपला कर्णधार जॉर्ज सॅमंड पेशाने शिक्षक. परतताना मी हळहळत होतो. सरांना चिंता वेगळीच.

“वर्ल्डकप संपून तो शाळेत जाईल ना,” ते म्हणाले, “तेव्हा टेबलावर वह्यांचा केवढा ढीग पडलेला असेल बिचाऱ्याच्या!”