पालथं भिक्षापात्र

रात्रीचे दोन वाजलेत, झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसलेय. दोन दिवस एकच फोटो डोक्यातून जात नाहीये, २००७ चा म्यानमार, लालसर चीवरातले भिक्खू भर रस्त्यात चाललेत आणि पुढच्याच्या हातात काळं भिक्षापात्र, पण पालथं.

मला आधी वाटलं निषेधाची खूण असेल, काळी फीत लावतात तशी. पण ते त्याहून कितीतरी मोठं आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये लष्करी सरकारने इंधनाचे दर अचानक वाढवले, डिझेल दुप्पट, सीएनजी तर पाचपट, मग ५ सप्टेंबरला पकोक्कू गावात दरवाढीचा निषेध करणाऱ्या भिक्खूंना सैनिकांनी मारलं. भिक्खूंनी माफीसाठी १७ तारखेपर्यंत मुदत दिली, माफी काही आली नाही, आणि मग पात्रं पालथी झाली. म्हणजे काय, तर सत्तेवरच्या लोकांनो, तुमचं दान आम्ही घेणार नाही. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, तशी तरतूदच आहे. दान घेणाराच नसेल तर पुण्य कुठून मिळणार? बंदुका, तुरुंग, रेडिओ सगळं ताब्यात असलेल्या जनरल लोकांना ही एकच गोष्ट जबरदस्तीने मिळवता येत नव्हती!! मेत्त सुत्त, म्हणजे सगळ्यांबद्दल मैत्रीभाव सांगणारं बुद्धवचन, म्हणत चाललेल्या माणसांवर २६ तारखेपासून लाठ्या आणि गोळ्या चालल्या, रात्री विहारांवर धाडी पडल्या. इतकी भीती वाटली त्या जनरल लोकांना.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरचे कॅथलिक आर्चबिशप रोमेरो पण आठवले. २३ मार्च १९८० च्या रविवारी त्यांनी प्रवचनात थेट सैनिकांनाच सांगितलं की देवाच्या आज्ञेविरुद्धचा हुकूम पाळायला तुम्ही बांधील नाही. दुसऱ्याच दिवशी मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) चालू असताना त्यांना गोळी घातली.

पण हेही लिहायलाच हवं, नाहीतर मी स्वतःशीच खोटं बोलेन, की त्याच म्यानमारमध्ये पुढे काही भिक्खूंनी मुसलमानांविरुद्ध विष पसरवलं आणि ते लष्कराच्या मांडीला मांडी लावून बसले. चीवर तेच, सुत्तं तीच. याचा मला मनापासून त्रास होतो. श्रद्धा आपोआप सत्तेच्या विरोधात उभी राहते असं मी आता म्हणूच शकत नाही.

तरी तो फोटो परत परत उघडून बघतेय. भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत, सकाळी लोक पात्रात घालतील तेवढंच अन्न. ते पात्र पालथं धरून तो चाललाय, अनवाणी.