नाशिकरोड ते सीएसएमटी: पंचवटीत बसून वेब सर्व्हर उभा करताना

सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने नाशिकरोडहून मुंबईला जायला साडेतीन-चार तास लागतात. तेवढ्यात क्लाउडवर (इंटरनेटवरून वापरायच्या भाड्याच्या संगणकांवर) एक छोटे मशीन घेऊन त्यावर एचटीटीपीएसवाली, म्हणजे सुरक्षित जोडणीची साइट चालू करता येते, घाई न करता. अडथळा एकच, इगतपुरी आणि कसाऱ्यामधला थळ घाट. ३७ मीटरला एक मीटर असा उतार, एकामागून एक बोगदे, आणि बोगद्यात शिरले की मोबाइलचे नेटवर्क गेलेच. कोणती कमांड घाटाआधी द्यायची, कोणती घाटात सोडून द्यायची आणि कशाला कसारा येईपर्यंत हात लावायचा नाही, एवढे आधी ठरलेले असेल तर बाकी काम सरळ आहे. या फेरीत उभी केलेली साइट पिंपळगावकडच्या बेदाणा विक्रेत्याची होती: साधी एचटीएमएलची आठ-दहा पाने आणि फोटो.

आदल्या रात्री घरच्या वायफायवर करायची कामे वेगळी. क्लाउडचे खाते उघडून कार्डाची पडताळणी उरकून घ्या, कारण नवे खाते पूर्ण चालू व्हायला कधी कधी दिवस जातो आणि ओटीपी नेमका देवळालीच्या पुढे अडकतो. एसएसएच म्हणजे दूरच्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरण्याची सोय. तिच्यासाठी ईडी२५५१९ प्रकारची की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल, बनवून ठेवा. खासगी की फक्त मालकाला वाचता यावी, म्हणजे परवानगी ४०० किंवा ६००. नाहीतर एसएसएच ती की वापरायलाच नकार देते. स्थिर आयपी पत्ताही रात्रीच राखून ठेवा आणि डोमेनच्या ए रेकॉर्डमध्ये (नावाला आयपी पत्ता जोडणाऱ्या नोंदीत) टाका, टीटीएल (ती नोंद किती वेळ साठवायची तो काळ) ३०० सेकंद. ॲमेझॉनकडे १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला ताशी ०.००५ डॉलर लागतात, वापरात असो वा नसो. एका रात्रीसाठी ते नगण्य आहे. रेकॉर्ड टाकण्याआधी मात्र ते नाव ब्राउझरमध्ये उघडून पाहू नका. ‘असे नाव नाही’ हे उत्तरही डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेत) काही काळ साठून राहते आणि मग सगळे बरोबर असून साइट दिसत नाही.

नाशिकरोड सुटल्यावर इगतपुरीपर्यंत पाऊण-एक तास मिळतो. नेटवर्क अस्वलीच्या आसपास थोडे डळमळते, एरवी चालते. मशीन मुंबई रीजनमध्ये घ्या, प्रतिमा (मशीनवर येणारी तयार ऑपरेटिंग सिस्टिम) उबुंटू २४.०४ एलटीएस, आणि रात्री राखलेला पत्ता त्याला जोडा. साध्या साइटला १ जीबी रॅम पुरते. वर्डप्रेस आणि मायएसक्यूएल एकत्र ठेवायचे असेल तर २ जीबीच्या खाली जाऊ नका. डिस्क ८ जीबी सुचवली जाते, ती १६ करा. लॉग आणि जुने कर्नल मिळून ८ जीबी कधी भरते ते कळत नाही, आणि डिस्क भरली की सगळ्यात आधी डेटाबेस बसतो.

क्लाउडच्या फायरवॉलमध्ये २२ (एसएसएच), ८० (एचटीटीपी) आणि ४४३ (एचटीटीपीएस) ही तीन पोर्ट उघडायची. इथेच रेल्वेतला पहिला सापळा आहे. २२ साठी ‘माझा आयपी’ हा पर्याय दिसतो, आणि घरी तोच योग्य. धावत्या गाडीत मोबाइलचा पत्ता कनेक्शन तुटले की बदलू शकतो. मग सर्व्हर ठणठणीत असतो आणि तुम्ही बाहेर. प्रवासापुरते २२ सर्वांना उघडे ठेवा, मात्र पासवर्डने लॉगिन बंद आहे याची खात्री करून. मुंबईत पोहोचल्यावर ते आवळा.

लॉगिन होत नसेल तर संदेश नीट वाचा. ‘टाइम्ड आउट’ आले तर बहुधा फायरवॉल. ‘रिफ्युज्ड’ आले तर मशीनपर्यंत पोहोचलात, पण एसएसएच सेवा अजून उठलेली नाही, मिनिटभर थांबा. ‘परमिशन डिनाइड’ आले तर बहुतेक वेळा वापरकर्त्याचे नाव चुकलेले असते: कुठे ‘उबुंटू’, कुठे ‘रूट’.

आत गेल्यावर पहिली कमांड टीमक्स, म्हणजे कनेक्शन गेले तरी सेशन जिवंत ठेवणारे साधन. दुसरी कुठलीही नाही. साध्या एसएसएचमध्ये सुरू केलेले काम कनेक्शन तुटल्यावर मध्येच मारले जाते. टीमक्समधले सर्व्हरवर चालू राहते. कंट्रोल-बी आणि मग डी दाबून बाहेर पडायचे, परत आल्यावर टीमक्स अटॅच. स्वतःच्या लॅपटॉपवर एसएसएचचे सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल हे सेटिंग ३० ठेवा, म्हणजे मेलेले कनेक्शन लवकर लक्षात येते. खिडकी गोठली आणि काहीच टाइप होत नसेल तर एंटर, मग टिल्ड, मग पूर्णविराम: एसएसएच बंद होते. ही युक्ती माहीत नसल्यामुळे पुष्कळ जण टर्मिनलच मारतात.

१ जीबीच्या मशीनवर अपडेटच्या आधी २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम अपुरी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) करून घ्या: फाइल बनवणे, परवानगी ६००, एमकेस्वॅप, स्वॅपऑन, आणि एफएसटॅबमध्ये (बूट होताना वाचल्या जाणाऱ्या यादीत) एक ओळ. ती ओळ राहिली तर रीबूटनंतर स्वॅप नाहीशी. मग एपीटी (उबुंटूचे सॉफ्टवेअर बसवणारे साधन) अपडेट. नव्या मशीनवर ‘लॉक मिळत नाही’ असे आले तर घाबरू नका. पहिल्या बूटनंतर सुरक्षेची अपडेट आपोआप सुरू होतात. लॉकची फाइल पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नका. पाच मिनिटे थांबा.

घोटी गेले की टीमक्समध्ये एपीटी अपग्रेड सोडा, विचारपूस टाळण्यासाठी ‘होकार’ आधीच देऊन, आणि लॅपटॉप मिटा. घाटात काम सर्व्हर करतो. तुम्ही डावी-उजवीकडच्या दऱ्या पाहा, पावसाळ्यात तर पाहाच. टीमक्स विसरलात आणि अपग्रेड अर्धवट तुटले, तर कसाऱ्याला सुडो (प्रशासकाचे अधिकार) लावून डीपीकेजीला (एपीटीच्या मुळाशी असलेल्या साधनाला) दोन डॅश कॉन्फिगर, एक डॅश ए द्या. बहुधा तेवढ्याने सावरते.

घाटात तीन गोष्टी कधीच करू नयेत: यूएफडब्ल्यू (उबुंटूची स्वतःची फायरवॉल) चालू करणे, एसएसएचची कॉन्फिग बदलणे, नेटवर्कची मांडणी बदलणे. तिन्हींत चूक झाली तर ती सुधारायला उघडे सेशन लागते, आणि बोगदा नेमके तेच काढून घेतो. यूएफडब्ल्यूमध्ये आधी ओपनएसएसएचला परवानगी, मगच चालू. एसएसएचची कॉन्फिग बदलल्यावर जुनी खिडकी तशीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघायचे.

कसाऱ्यापासून मुंबईची लोकल सुरू होते आणि नेटवर्कही बरे होते. रीबूट इथे करा. टीमक्सची सेशन त्यात जातात हे लक्षात असू द्या. त्यानंतर एनजिनएक्स, म्हणजे पाने पाठवणारा वेब सर्व्हर. फाइली व्हारमधल्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू फोल्डरखाली ठेवा, होममध्ये नको. उबुंटू २१.०४ पासून होम फोल्डरची परवानगी ७५० असते. एनजिनएक्स ज्या नावाने चालतो त्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला तिथे शिरता येत नाही आणि पानावर ४०३ (परवानगी नाही) येतो. फोल्डरना ७५५, फाइलींना ६४४. साइटची कॉन्फिग ‘अव्हेलेबल’मध्ये लिहून ‘एनेबल्ड’मध्ये तिची लिंक, मग कॉन्फिग तपासणारी एनजिनएक्स डॅश टी, आणि ते ठीक म्हणाले तरच रीलोड. रीस्टार्टची गरज नसते, आणि कॉन्फिग चुकलेली असताना रीस्टार्ट केले तर चालू साइटही पडते.

आसनगाव ते कल्याण या टप्प्यात सर्टबॉट, म्हणजे एचटीटीपीएसचे सर्टिफिकेट आणून देणारे साधन. सर्टिफिकेट देणारी संस्था लेट्स एन्क्रिप्ट तपासणीसाठी पोर्ट ८० वर येते, म्हणून ते बंद करू नका. तपासणी फसली तर पुन्हा पुन्हा तीच कमांड मारू नका. एकाच नावासाठी तासाला पाच फसलेल्या तपासण्यांची मर्यादा आहे. आधी ड्राय-रन (नुसती रंगीत तालीम), मग खरे. सगळे बरोबर दिसत असूनही फसत असेल तर डोमेनमध्ये जुना एएएए रेकॉर्ड (आयपीव्ही६ पत्त्याची नोंद) उरलाय का ते बघा. तो असला तर तपासणी आयपीव्ही६ ने भलत्याच जुन्या मशीनवर जाते. सर्टिफिकेट ९० दिवसांचे, नूतनीकरण टायमरने आपोआप. मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केले आहेत, तेव्हा रिन्यूची ड्राय-रन इथेच करून बघा आणि बाहेरून लक्ष ठेवणारी एखादी सेवा लावा.

ठाण्यानंतर डब्यात उतरणाऱ्यांची गर्दी उठते, लॅपटॉप उघडा ठेवण्यात अर्थ नाही. दोन कामे फोनवरून होतात: डिस्कचा एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) आणि बिलाची मर्यादा ओलांडल्याचा इशारा. बिलावर १८ टक्के जीएसटी धरूनच मर्यादा ठरवा. आणि नुसत्या सरावासाठी मशीन उभे केले असेल तर ते ‘स्टॉप’ करून भागत नाही. डिस्कचे आणि राखलेल्या पत्त्याचे भाडे चालूच राहते. मशीन टर्मिनेट करा, पत्ता सोडा, आणि स्नॅपशॉटही पुसा.