अडतिसावं माणूस

टूरवर माझं खरं काम एकच, मोजणं. माहिती सांगणं, अंताक्षरी घेणं, कुणाच्या वाढदिवसाला केक आणणं हे सगळं वरचं. बसमध्ये चढले की मोजायचे, उतरले की मोजायचे, देवळात शिरल्यावर मोजायचे आणि बाहेर चपला घालताना पुन्हा मोजायचे. नऊ वर्षं मी एका पर्यटन कंपनीत टूर मॅनेजर आहे. मी झोपेतही आकडे बडबडते, असं नवरा म्हणतो.

ही फेब्रुवारीतली गोष्ट. मदुराई, रामेश्वर, त्रिची, तंजावर, कुंभकोणम, चिदंबरम अशी टूर होती. अडतीस माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. सहाव्या दिवशी बसमध्ये बंड होतं, हा माझा अनुभव आहे. पहिले दोन दिवस सगळं छान असतं, तिसऱ्या दिवशी पोट बिघडतं, चौथ्या दिवशी खिडकीच्या सीटवरून भांडण होतं आणि सहाव्या दिवशी कुणीतरी म्हणतं, "मॅडम, आज पण देऊळच का?"

या वेळी ते ठाण्याचे काका होते. बँकेतून निवृत्त, अगदी नेमका माणूस. "काल श्रीरंगम, परवा मीनाक्षी. गोपुरं काय, सगळी सारखीच. आणि एक अक्षर वाचता येत नाही हो! पाटी बघा, सगळी जिलबी." मागून दोन-तीन जण हसले. मीही हसले, कारण सकाळी सात वाजता त्यावर दुसरं काही करता येत नाही. आदल्या रात्री मी ५-६-७ दिलं होतं, म्हणजे पाचला उठणे, सहाला नाश्ता, सातला निघणे. ५-६-७च्या दिवशी कुणाशी वाद घालायचा नसतो.

त्रिचीहून तंजावर साठेक किलोमीटर. कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत तंजावरला दोन तास होते. बृहदीश्वराचं देऊळ बाहेरून-आतून आणि मग तंजावर शैलीची चित्रं विकणारं एक मोठं दुकान. राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय यांच्यापुढे 'वेळ उरल्यास' असं लिहिलं होतं. टूरच्या भाषेत 'वेळ उरल्यास' याचा अर्थ काय असतो, ते टूर केलेल्या माणसाला सांगायला नको.

देवळाला तीन दरवाजे आहेत. पहिला मराठ्यांच्या काळातला, त्याच्या आत चोळांचे दोन, केरळांतकन आणि राजराजन. ते ओलांडून अंगणात आलं की समोर ते शिखर उभं राहतं. तिथे सगळे एकदम गप्प होतात, ठाण्याचे काकासुद्धा झाले. आपल्याला सवय असते गोपुर उंच आणि आतलं शिखर ठेंगणं बघायची. इथे उलटं आहे. गोपुरं बेतानं ठेवलीत आणि खुद्द गाभाऱ्यावरचं विमान, म्हणजे शिखर, सुमारे २१६ फूट उंच, सगळं ग्रॅनाइटचं. राजराज चोळानं ते १०१० साली पुरं केलं. आपल्याकडच्या काळ्या दगडावर कोरीव काम करणाऱ्यांनीसुद्धा ग्रॅनाइटला हात लावताना विचार केला असता.

आमचा स्थानिक गाइड हिंदी बरं बोलायचा. ऊन चुकवायला त्यानं सगळ्यांना उत्तरेच्या बाजूला हिरवळीपाशी सावलीत उभं केलं आणि हात उंचावून सांगितलं, "इस मंदिर की खासियत ये है कि इसकी छाया जमीन पर नहीं गिरती." बायका 'अय्या' म्हणाल्या. ठाण्याच्या काकांनी खाली बघितलं, वर बघितलं, मग शांतपणे विचारलं, "मग आपण आत्ता कुणाच्या सावलीत उभे आहोत?"

गाइडचा चेहरा पडला. मला त्याची दया आली, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. सावलीची गोष्ट, माथ्यावरचा ऐंशी टनांचा एकच अखंड दगड ही गोष्ट, असल्या कहाण्या प्रत्येक टूरला ऐकून माझे कान किटलेत. तो माथ्याचा घुमट एका दगडाचा नाही, तुकडे सांधलेले आहेत. आणि तसं सांगितलं म्हणून देऊळ काही लहान होत नाही. याच देवळाच्या भिंतींवर राजराजानं कुणाला काय दिलं याचा हिशेब कोरून ठेवलाय. दुसऱ्या देवळांतून आणलेल्या चारशे नर्तकी, त्यांची नावं, कुणाला कोणत्या रस्त्यावरचं कितवं घर, कुणाला किती भात. हजार वर्षांपूर्वीची रूमिंग लिस्टच म्हणा. मी हे सांगते तेव्हा लोक ऐकतात. पण लेख तमिळमध्ये, त्यामुळे ऐकतात आणि पुढे जातात.

साडेदहाला मी मोजलं. सदतीस.

पुन्हा मोजलं. सदतीसच. नंदीच्या मंडपापाशी कुणी फोटो काढत राहिलंय का, ते पाहिलं. नव्हतं. मग यादी काढली. सीट नंबर ११, फलटणच्या बाई.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, वय पंचाहत्तरच्या आसपास. एकट्याच आल्या होत्या. बारीक अंगाच्या, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक दोनशे पानी वही. दिवाळीत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून उन्हात काळा चष्मा. फोन वापरायच्या, पण बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवायच्या, 'चार्जिंग वाचतं' म्हणून. म्हणजे लावण्यात अर्थ नव्हता. तरी मी तीनदा लावला.

ज्यांनी हे काम केलंय त्यांनाच त्या वीस मिनिटांचा अर्थ कळेल. पोटात गोळा येतो, पण चेहरा हसरा ठेवायचा, कारण एक घाबरला की सदतीस घाबरतात. मी सगळ्यांना सावलीत बसवलं, काकांना सांगितलं, "यांना हलू देऊ नका," आणि अनवाणी पळत सुटले. फरसबंदी तापायला लागली होती. गाभाऱ्याची रांग बघितली, मुरुगनचं छोटं देऊळ बघितलं, पाणपोई बघितली. मनात सगळं येऊन गेलं. चक्कर आली असेल, बाहेर पडून रस्ता ओलांडला असेल, त्यांच्या मुलाला फोन कसा करायचा.

अंगणाच्या चारी बाजूंनी ओवऱ्या आहेत. त्यांत ओळीनं शिवलिंगं, मागे भिंतीवर चित्रं. नैऋत्येच्या कोपऱ्याकडे वळले आणि आधी आवाज ऐकू आला. शाळेत वाचून दाखवतात तसा, खडा, एकेक अक्षर सोडवत.

"श… हा… जी… रा… जे…"

बाई भिंतीला नाक लावून उभ्या होत्या. काळा चष्मा कपाळावर, बोट अक्षरांखालून सरकत होतं, पण दगडाला न टेकता. मास्तरणीची शिस्त. बाजूला एक देवळाचा राखणदार, एक धोतरातले वयस्क गृहस्थ आणि त्यांचा हात धरून आठ-नऊ वर्षांची एक मुलगी, परकर-पोलक्यात.

मी ओरडणार होते. तयारी झाली होती, वाक्यही तयार होतं. बाईंनी वळून न बघता म्हटलं, "बाळ, हे मराठी आहे."

मला ते माहीत होतं. खरी लाज वाटण्याची जागा हीच. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा सगळा इतिहास या भिंतीवर मराठीत, देवनागरीत कोरून घेतला, हे मी टूर मॅनेजरच्या परीक्षेत लिहिलं होतं. बसमध्ये सांगतेही, तेही एका वाक्यात. पण या कोपऱ्यात एकाही ग्रुपला कधी आणलं नव्हतं, कारण दोन तासांत ते बसत नाही. भिंतभर अक्षरं आहेत, ओळीला ओळ लागून. लांबून नक्षी वाटते. जवळ गेलं की एकदम 'राजे' हा शब्द डोळ्यात येतो आणि मग सगळीकडे 'राजे' दिसायला लागतात.

ते धोतरातले गृहस्थ माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. मला वाटलं तमिळ. त्यांनी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा कळलं की ते मराठी आहे. आम्ही कुठल्या गावचे, असं विचारत होते. शब्द आपलेच, पण हेल तमिळ आणि मधेच एखादं क्रियापद माझ्या पणजीच्या तोंडचं असावं तसं. त्यांचे पूर्वज राजांबरोबर इकडे आले, किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता आलं नाही. घरात मराठी बोलतात. नात बोलते का विचारलं, तर ती आजोबांच्या धोतरामागे गेली.

"मग तुम्ही हे वाचलं असेल," मी भिंतीकडे हात केला.

ते हसले. लहानपणापासून या भिंतीपुढून जातायत. पण शाळा तमिळ, कागदपत्रं तमिळ आणि इंग्रजी, घरातली मराठी पत्रंसुद्धा तमिळ अक्षरांत लिहिलेली. देवनागरी त्यांना येत नाही. मराठी येतं, पण ही मराठी वाचता येत नाही. म्हणजे इतकी वर्षं ही भिंत त्यांना जिलबीच होती.

बाईंनी मला घड्याळ दाखवू दिलं नाही. "मालोजीराजांपर्यंत आले होते, मग पुढे गेले. मालोजींची बायको आमच्या फलटणच्या निंबाळकरांची, ठाऊक आहे का?" हे त्या गृहस्थांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, कळलं किती कोण जाणे. मग पुन्हा वाचन. बाई अडल्या की ते त्या आवाजाचा अंदाज घेत, एखादा शब्द उचलत. एका फारसी वळणाच्या शब्दाशी दोघंही थांबले आणि दोघांनाही तो येईना, तेव्हा ती मुलगी हसली. राखणदाराला काहीच कळत नव्हतं, पण तो हलला नाही.

मी दोन मिनिटं उभी राहिले. मग फोन काढला आणि काकांना सांगितलं, "सगळ्यांना घेऊन इकडे या. चालत या, पळू नका."

आता पुढचं थोडक्यात सांगते, कारण जे झालं ते कुणालाही वाटेल तेच झालं. सदतीस जण आले आणि भिंतीवर तुटून पडले. चष्मे पुसले गेले. कोण 'शिवाजी' शोधतंय, कोण 'येकोजी'. ठाण्याच्या काकांनी 'शके' शोधून काढला आणि बँकेत व्हाउचर तपासावं तसा आकड्यांचा हिशेब मांडायला बसले. दोन बायका त्या मुलीला दशमी खायला घालत होत्या. "तुझं नाव काय गं?" असं सगळ्यांनी विचारून झालं. गाइड माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, मैं पंद्रह साल से यहाँ हूँ, किसी ने ये दीवार नहीं पूछी." मी त्याला म्हटलं, आता पुढच्या मराठी ग्रुपला सावलीची गोष्ट नको, थेट इकडे आण.

साडेबारा होत आले. पुढे चित्रांचं दुकान होतं. त्या दुकानाचं आणि टूरचं गणित काय असतं ते इथे लिहीत नाही, पण ते चुकवलं तर फोन येतो. मी बसमध्ये माइक हातात घेतला आणि विचारलं, दुकान की ग्रंथालय? अडतीस हात वर झाले, असं लिहायला आवडलं असतं. एकोणतीस झाले. नऊ जणींना बाहुल्या घ्यायच्या होत्या, त्या मान हलवणाऱ्या. त्या राजवाड्याबाहेरच्या टपऱ्यांवर मिळाल्या, तोही प्रश्न सुटला.

सरस्वती महालात मी जे एरवी बसमध्ये दोन मिनिटांत उरकते ते नीट सांगितलं. व्यंकोजींनी, म्हणजे भिंतीवरच्या येकोजींनी, शिवरायांच्या सावत्र भावानं, १६७५च्या सुमाराला हे राज्य घेतलं, १८५५ साली ते कंपनी सरकारनं खालसा केलं. ग्रंथालय मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांच्या काळापासूनचं, पण त्याला रूप दिलं सरफोजींनी. तीन हजारांवर मराठी हस्तलिखितं, शिवाय मोडी कागदांचे शेकडो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे. मराठीतलं पहिलं नाटक मानतात त्या सांगलीतल्या १८४३च्या नाटकाच्या इथल्या राजानं दीडएकशे वर्षं आधी मराठी नाटकं लिहिली, हे सांगितल्यावर सांगलीच्या एक वहिनी थोड्या नाराज झाल्या. तमिळ हरिकथेत अजूनही साकी, दिंडी, ओवी आणि अभंग त्याच नावांनी म्हणतात, हे ऐकून त्यांचं समाधान झालं. सांबाराच्या नावाचीही गोष्ट सांगितली, संभाजीराजे, आमसूल संपलं, चिंच घातली वगैरे, पण मी तिला नेहमी 'म्हणतात' लावते. पुरावा मला कुठे भेटलेला नाही.

आणि सरफोजी डोळ्यांच्या शस्त्रक्रियांत स्वतः लक्ष घालत, रुग्णांच्या डोळ्यांची चित्रं काढून नोंदी ठेवत, हेही सांगितलं. बाई एकदम म्हणाल्या, "मोतीबिंदूच्या?"

"मोतीबिंदूच्याही."

"भूल न देता?"

त्या काळी कुठली भूल, मी म्हटलं. बाईंनी आपसूक उजव्या डोळ्यावर हात ठेवला.

संध्याकाळी कुंभकोणमला पोचलो तेव्हा ऑफिसातून फोन येऊन गेला होता. काय बोलणं झालं ते सोडा. हॉटेलखाली डबरा-टंबलरमधली कॉफी घेत बसले होते, तर बाई वही घेऊन आल्या. त्यांनी भिंतीवरच्या चार ओळी उतरवून आणल्या होत्या, दगडावर जशा दिसल्या तशा, तुटक जागी टिंबं देऊन. त्या गृहस्थांनी पत्ता दिला होता. स्वच्छ अक्षरात लिहून, खाली अर्थ देऊन, त्यांना पाठवायचं होतं.

"पण तमिळ अक्षरात कोण लिहून देईल? नाहीतर त्यांना परत जिलबीच."

मी गाइडला फोन लावला. तो म्हणाला, देतो लिहून, मॅडमनी शब्द सावकाश म्हणायचे. मग बाई रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून फोनमध्ये एकेक अक्षर सांगायला लागल्या, तसाच खडा आवाज. तिसऱ्या ओळीत एक अक्षर 'घ' की 'ध' ते ठरेना. ठाण्याच्या काकांना बोलावलं. त्यांनी चष्मा काढला, घातला, फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "उद्या परत जाऊन बघता येईल का? चाळीस किलोमीटरच आहे."

येणार नव्हतं. उद्या चिदंबरम, ६-७-८.