फॉर्म बंद केला, मग एकवीस घरी फोन केले

शनिवारी सकाळची शाळा सुटता सुटता माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईचा फोन आला. "बाई, फॉर्म भरला, पण त्यात सगळ्यांचीच माहिती दिसतेय हो. आमचा पत्तासुद्धा." आवाज दबका होता. ती नवऱ्यापासून वेगळी होऊन मुलीला घेऊन माहेरी राहते. मुलीचे वडील अजून पालकांच्या ग्रुपवर आहेत, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

सातवीच्या प्रश्नमंजुषेसाठी मी जुनाच ऑनलाइन फॉर्म उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला होता. जन्मतारीख, पत्ता, मोबाईल, जातीचा प्रवर्ग, आधार क्रमांक, सगळं त्यात. प्रश्नमंजुषेला यातलं काहीच लागत नव्हतं. त्यात उत्तरांचा सारांश दाखवण्याचा पर्याय चालू राहिला होता, म्हणून फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला इतरांची उत्तरं उघडता येत होती. २१ जणांनी भरून झाला होता.

आधी उत्तरं घेणं बंद केलं, मग सारांश. उत्तरांची शीट लिंक असलेल्या कुणालाही उघडत होती, ती फक्त माझ्यापुरती केली. नंतर सगळी उत्तरं पुसली, कचऱ्याच्या फोल्डरमधूनही काढली. कुणी स्क्रीनशॉट घेतला असेल तर तो मात्र माझ्या हातात नव्हता. म्हणून दोन संध्याकाळी बसून २१ घरी फोन केले, काय काय उघडं पडलं ते सांगितलं, माफी मागितली. एक आजोबा म्हणाले, "त्यात काय बाई, आधार तर आम्ही सगळीकडेच देतो." त्यांच्याशी सर्वात जास्त वेळ बोलले. शाळेत प्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्येच सांगितलंय. मुख्याध्यापकांनाही घडलेलं लेखी दिलं.

मग वर्गात वापरतो ती बाकीची अ‍ॅप्स तपासायला घेतली. बऱ्याच सेवांच्या अटींत स्वतःचं खातं उघडायला १३ वर्षं पूर्ण लागतात. माझी मुलं बारा वर्षांची. अडलं की "जन्माचं साल मागचं टाका" असं मीच वर्गात सांगितलं होतं, आणि ते आठवून मला फार वाईट वाटलं. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती हवी. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, संमतीचं बंधन त्यानंतर दीड वर्षानं लागू होतं. शाळांना शिकवण्यापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी काही सूट आहे. पण पालकांना विचारायला मी दीड वर्ष कशाला थांबू?

आता खातं फक्त माझं. मुलं कोड टाकून प्रश्नमंजुषा खेळतात, तेही टोपणनावानं. नावं त्यांनीच ठरवली, प्रत्येकाचा एक गड. कोण तोरणा, कोण राजगड, ते माझ्या वहीत आहे आणि वही कपाटात. पूर्वी गुणांची यादी पूर्ण नावांनिशी पडद्यावर यायची, तेव्हा एक मुलगा दर वेळी पाणी प्यायला बाहेर जायचा. परवा तो शेवटपर्यंत बाकावर बसून होता.

पालक सभेत अर्ध्या पानाचं मराठी पत्र वाचून दाखवलं: कोणतं अ‍ॅप, कशासाठी, काय माहिती घेणार, कधी पुसणार. खाली फोटोसाठी वेगळी चौकट, हो किंवा नाही. शनिवारी फोन करणाऱ्या त्या ताईंनी अ‍ॅपला हो म्हटलं, फोटोला नाही. स्नेहसंमेलनाचं चित्रीकरण करणाऱ्याला मी तसं आधीच सांगून ठेवलंय.

ग्रुपवर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसत होते, म्हणून ग्रुप बंद करून ब्रॉडकास्ट यादी केली, म्हणजे निरोप प्रत्येकाला वेगळा जातो. दोघा पालकांनी माझा नंबर सेव्ह केला नव्हता, त्यामुळे त्यांना निरोपच पोचत नव्हते. त्यांच्या मुलांच्या हाती सध्या चिठ्ठी देते.