उजनी मायनसमध्ये गेली की दिसणारं पळसदेव

पुणेकर उन्हाळ्यात खडकवासल्याचे आकडे बघतात, मी उजनीचे बघतो. धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापराचा साठा संपून पाणी तळाच्या मृतसाठ्यात उतरलं, की पळसदेवचं जुनं देऊळ हळूहळू पाण्याबाहेर येतं. यंदा मे महिन्यात पहाटे पाचला हडपसर सोडलं, भिगवणला चहा घेतला आणि सोलापूर रस्त्याने इंदापूरच्या अलीकडे पळसदेव गाठलं.

नवं गावठाण हायवेला लागून आहे. 1980 च्या सुमारास भीमेवरचं उजनी धरण झालं आणि नदीकाठचं मूळ गाव पाण्यात गेलं. देव नव्या देवळात आणले, देऊळ तिथेच राहिलं. उसातून काठावर गेलो तर शेतकरी मोटारीचे पाइप पुढे सरकवत होते. पाणी हटलेल्या जमिनीत गाळपेर झाली होती. उजनीच्या 117 टीएमसींपैकी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) जवळजवळ 63 टीएमसी मृतसाठाच, म्हणून धरण मायनसमध्ये असूनही होडी लागलीच.

आधी दिसतं ते विटांचं शिखर. इतकी वर्षं पाण्यात बुडून, उन्हात तापून ते अजून उभं आहे, हे बघून मला खरंच भरून आलं.

"दादा, चपला होडीतच ठेवा. देव नसला तरी देऊळच हाय," होडीवाले मामा म्हणाले.

आवारातल्या वीरगळींपाशी, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांपाशी, मी सगळ्यात जास्त रेंगाळलो. एकीच्या तळाशी गाळ साचला होता. बाटलीतलं पाणी ओतून हातानेच पुसला, तर खाली लढाईत पडलेला वीर दिसला. वरच्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा, आणि टोकाला चंद्र-सूर्य. नाकडोळे झिजलेत, पण तलवारीवरची मूठ अजून घट्ट आहे. शेजारच्या सतीशिळेवर कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात. त्या बाईचं नाव कुठेच नाही.

कृपा करून या दगडांवर फोटोसाठी चढू नका. मी तिथे असताना दोघं चढले होते, मामांनी त्यांना खाली उतरवलं.

परतताना मामांनी मोकळ्या पाण्याकडे हात केला. "आमचं घर तिकडं. मी तवा लहान होतो." थोडा वेळ नुसती वल्ह्यांची चुबकचुबक. मग म्हणाले, "तुमच्या पुण्यात मुठेला पाणी सोडलं की ते हितंच येतं. नदीपात्रातला रस्ता बुडाला असं ऐकलं, की आम्ही जाळी आवरायला लागतो."