मोची आइस्क्रीमचे खरे कसब

मोची म्हणजे चिकट तांदळाचा मऊ, चिवट गोळा, आणि त्याच्या आवरणात आइस्क्रीम गुंडाळले की होते मोची आइस्क्रीम. त्याची चर्चा बहुधा आतल्या स्वादावरच अडते. कोणी माचाची, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या पुडीची, बाजू घेतो, तर कोणी व्हॅनिलाची. माझ्या मते या जपानी पदार्थाचा जीव त्याच्या पातळशा पांढऱ्या आवरणात आहे, कारण शिजवलेला तांदूळ आणि कडाक्याची थंडी यांचे मुळातच वैर आहे.

मोचीसाठी लागणाऱ्या चिकट तांदळाच्या स्टार्चमध्ये जवळजवळ सगळे अमायलोपेक्टिनच (फांद्या फुटलेल्या रेणूंचा स्टार्च) असते आणि त्यामुळेच तो शिजल्यावर रबरासारखा ताणला जातो. पण साधी मोची गार झाली की त्या स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना बिलगतात, मधले पाणी बाहेर ढकलले जाते आणि मऊ गोळ्याचा दगड होतो. यावरचा तोडगा जपानी मिठाईवाल्यांकडे आइस्क्रीम येण्याच्या कितीतरी आधीपासून होता. चिकट तांदळाच्या पिठात भरपूर साखर घालून ते शिजवले की ग्युही तयार होते. साखर पाणी धरून ठेवते, गोठणबिंदू खाली आणते आणि आवरण फ्रीजरमध्येही दाताला मऊ लागते. घरी ग्युही शिजवताना दुधट, अपारदर्शक पीठ घोटता घोटता एकदम चकचकीत आणि अर्धपारदर्शक होते, तो क्षण मला फार आवडतो. मग भरपूर कॉर्नस्टार्च भुरभुरून पोळी लाटायची, आधीच कडक गोठवलेला आइस्क्रीमचा गोळा तिच्यात ठेवायचा आणि कडा चिमटून सांधा खाली घ्यायचा. इथे रेंगाळून चालत नाही.

लोत्ते कंपनीने 1980 मध्ये मार्शमॅलोच्या आवरणातले आइस्क्रीम बाजारात आणले आणि पुढच्याच वर्षी, 1981 मध्ये, मोचीच्या आवरणातले ‘युकिमी दाइफुकु’. एका डब्यात दोन गोळे आणि टोचून खायला प्लास्टिकची छोटी काडी, ही त्याची ओळख. आइस्क्रीम उन्हाळ्यातच खपते हा समज बाजूला ठेवून कंपनीने ते हिवाळ्यात, ऊबदार खोलीत बसून खाण्याचा पदार्थ म्हणून विकले, आणि त्या धाडसाचे मला मनापासून कौतुक वाटते. अमेरिकेत हा प्रकार रुजला तो 1990 च्या दशकात, लॉस एंजेलिसच्या लिटल टोकियोमधील ‘मिकावाया’ या जुन्या मिठाईच्या दुकानामुळे. फ्रान्सिस हाशिमोतो तेव्हा ते चालवत होत्या.

इतक्या मेहनतीचा पदार्थ फ्रीजरमधून काढल्या काढल्या खाणे मला पटत नाही. काही मिनिटे तो बाहेर ठेवावा. बोटाने दाबल्यावर आवरण किंचित दबले, पण आतला गोळा घट्ट लागला, की तो खाण्याजोगा झाला. त्यासाठी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात मात्र ठेवू नये, कारण शून्याच्या जरा वरच्या तापमानातच स्टार्च सर्वांत लवकर कडक होतो आणि तिथे आवरण व आइस्क्रीम दोन्ही बिघडतात.